दर सेकंदाला दोन फेरे

गेल्या चैत्रात मी मुरुमला गेले. सत्तरी उलटलेल्या बाईनं भर उन्हात एकटीनं एसटीनं जाऊ नये असं घरातल्या सगळ्यांनी बजावलं, म्हणूनच गेले. पिशवीत दोन भाकरी, पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता. वीतभर लांब, मधे वाकवलेला, टोकाला लाकडी मूठ. मूठ एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण माझा अंगठा तिथं असायचा.

पेठेतल्या आमच्या घरात आता सिमेंटची पोती ठेवतात. मालक भला निघाला. “बघा की आज्जी, निवांत बघा,” म्हणाला आणि मागाच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. माग कधीच गेले. ज्या खड्ड्यात पाय सोडून आप्पा, माझे वडील, विणायला बसत तो खड्डा मुरमानं भरून टाकलाय. खळीचा आंबूस वास गेला, ओल्या सुताचा गेला. पण पश्चिमेच्या भिंतीतलं मुठीएवढं भोक तसंच आहे. ते बुजवावं असं पन्नास वर्षांत कुणाला वाटलं नाही. चारच्या सुमाराला त्यातून ऊन आत आलं, समोरच्या पोत्यांवर त्याचा गोल पडला, आणि मी तिथंच एका पोत्यावर बसले.

त्या भोकातून आम्ही सिनेमा दाखवायचो. हसू नका. निजामाच्या राज्यात मुरुमला वीज कुठली? बाहेर अंगणात एकानं आरसा धरून उभं राहायचं आणि भर दुपारचं ऊन त्या भोकात सोडायचं. आत दाराखिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. उन्हाची तिरीप यंत्राच्या भिंगातून जायची, तिच्यापुढून फिल्म सरकायची, आणि समोर टांगलेल्या आप्पांच्या धोतरावर माणसं चालायला लागायची. आरसा धरणारा उन्हानं बेजार व्हायचा आणि शिव्या द्यायचा. त्या शिव्या भिंतीतून ऐकू यायच्या, कारण पडद्यावरची माणसं मुकी होती.

मी तेव्हा वीसएक वर्षांची, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशी गावाकडच्या सासरहून परत आलेली. नवरा मारायचा. का, ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं? शेवटी त्यानं तापलेलं उलथनं पाठीला लावलं, तेव्हा मिळेल त्या बैलगाडीत बसत मी मुरुम गाठलं. परत आले म्हणून आप्पांनी धोट्यानं बडवलं आणि मग राहू दिलं. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो, दोन्ही टोकांना लोखंड. त्या काळी हात उगारायला कुणाला कारण लागत नसे. नाक्यावरचा जवान गाडीवानाला चाबूक मारी, गाडीवान बैलाला मारी, शाळेत मास्तर मारत आणि घरी मारायला आप्पा होतेच. सकाळी जाग यायची ती कुणाच्या तरी ओरडण्यानं.

दिवसभर मी रहाटावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. रहाटाचा हात पळाला की सूत तुटतं. रेंगाळला की कांडी ढिली होते, धोटा अडतो, आणि अडलेला धोटा आपल्याच पाठीत बसतो. त्यामुळं माझा हात एका चालीत फिरायला शिकला होता. अंगावर कुणी ओरडत असलं तरी त्याची चाल मोडत नसे.

माझा धाकटा भाऊ बसू आप्पांच्या शेजारच्या मागावर बसायचा आणि डोळा चुकवून मास्तरांकडं पळायचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. त्याआधी कोल्हापुरात कुठल्याशा स्टुडिओत कॅमेऱ्यावर होते. बोलपट आले, हातानं फिरवायचे जुने कॅमेरे भंगाराच्या भावात निघाले, त्यातला एक आणि पडद्यावर चित्रं टाकायचं एक यंत्र घेऊन ते आमच्या मुलखात आले. त्यांचा डावा कान जळून कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. एकदा ते आमच्याकडं सूत ताणायची चौकट मागायला आले, धुतलेली फिल्म वाळवायला. मी रहाटावर होते. ते थबकले, खिशातून घड्याळ काढलं आणि बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले.

“बसू, ही दर सेकंदाला दोन फेरे घेती,” ते म्हणाले. “कॅमेऱ्याला नेमकं हेच लागतंय. मी तीन वर्षं मार खाऊन शिकलो, ते हिला घरबसल्या येतंय.”

माझ्या हाताचं कौतुक कुणी केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी रात्रभर जागी राहिले, एवढं मला ते लागलं.

अशी आमची शाळा भरली. बसू, मी आणि रंगाऱ्याचा हुसेन. हुसेन आमचं सूत रंगवायचा. त्याचे हात कोपरापर्यंत कायम निळे असायचे, जेवतानाही. फिल्म सोलापुराहून इंग्रजी हद्दीतून लपवून आणावी लागे, त्यामुळं पहिले सहा महिने आम्ही रिकामाच कॅमेरा फिरवला. बाजारात लांबून ओरडलेलं ऐकू येत नाही म्हणून मास्तरांनी दोन खुणा ठरवल्या. पंजा उघडा दाखवला की थांब. तर्जनीनं हवेत गोल काढला की फिरवत राहा. आम्ही तिघं जेवतानासुद्धा त्या खुणा करायचो. बसूला भाकरी हवी असली की तो अव्वाला पंजा दाखवायचा आणि अव्वा, आमची आई, त्याला लाटणं दाखवायची.

आणखी एक गोष्ट मास्तर रोज सांगत. “उजेडापुढं फिल्म थांबवायची न्हाई. थांबली की जळती. ह्यो कान बघा.”

पहिला खरा धडा होता एडक्यांच्या टकरीचा. मास्तरांनी मोजून थोडी फिल्म भरली आणि म्हणाले, टक्कर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत फिरवायचं, बाकी काही नाही. बाजाराच्या मैदानात माणसांचं कडं झालं होतं. धूळ, बिड्या, एडक्यांच्या लोकरीचा उग्र वास. दोन्ही एडके वीस पावलं मागं नेले आणि सोडले. कपाळावर कपाळ आदळल्याचा आवाज माझ्या दातांत घुसला. तिसऱ्या धडकेला एकाचं शिंग मुळापासून मोडलं. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं, तरी मालकानं त्याला शेपूट पिरगळून पुन्हा सोडलं. तो एडका आंधळाच धावला आणि तोंडावर पडला. लोक शिट्या मारत होते.

मागाच्या खोलीत ती फिल्म बघायला अव्वाही बसली होती. धोतरावर एडके आले आणि आम्ही थक्क झालो. ते धावतच नव्हते. एकेक पाय सवडीनं उचलत, लोकर हेलकावत, पाहुण्याला भेटायला निघाल्यासारखे ते एकमेकांकडं येत होते. कपाळं टेकली. शिंग अलगद सुटलं आणि गळून पडायला त्याला किती वेळ लागला!

“अगं बाई, किती निवांत येत्यात,” अव्वा म्हणाली. ती पुन्हा पुन्हा तेच दाखवायला सांगत होती.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पट्टी काढली आणि माझ्या बोटांवर मारली. “भ्यालीस,” ते म्हणाले. “हात पळाला. हात पळाला की चित्रं जास्त निघतात, आणि जास्त चित्रं पडद्यावर जास्त वेळ खातात. आता हे बघून सगळ्यांना कळलं की कॅमेऱ्यामागची बाई भ्याली.”

मला ते झोंबलं. नवऱ्यानं उलथनं लावलं तेव्हा मी आवाज काढला नव्हता, आणि इथं दोन एडक्यांनी माझी अब्रू घेतली होती. त्यानंतर रिकाम्या कॅमेऱ्यावर माझी तालीम सुरू झाली. मी फिरवायची आणि हुसेन मागून मानेवर गार पाणी ओतायचा. बसू माझ्या पायाजवळ लाकडं फोडायचा, कुऱ्हाडीचं पातं बोटापासून चार अंगुळांवर. “फिरव अक्का, फिरव,” म्हणायचा आणि हसून हसून त्याचीच कुऱ्हाड चुकायची. एकदा मास्तरांनी कानाजवळ फटाका वाजवला. घड्याळ बघून म्हणाले, “दोन फेरे. आता जमलं.” मला माज चढला. खरं सांगते, आयुष्यात तेवढाच एकदा चढला.

मग बसूनं आमचा सिनेमा ठरवला. गोष्ट अगदी साधी. एक विणकर सूत रंगवतो, लुगडं विणतो आणि बाजारात नेतो. विणकर तोच झाला. आप्पांना हे समजलं त्या दिवशी त्यांनी बसूला इतका मारला की त्याचा ओठ फाटला. तसाच सुजलेल्या ओठानं तो मागावर बसला आणि मी त्याला टिपला. मास्तर म्हणाले, ओठ बरा होईपर्यंत थांबू. बसू म्हणाला, “कशाला? विणकराला बाप नसतोय व्हय?” हुसेनच्या दारात वाफाळणारे रांजण, त्यातून वर येणारं लालभडक सूत, पिळताना त्याच्या निळ्या हातांवरून ओघळणारं तांबडं पाणी, हे सगळं मी टिपलं. पडद्यावर सगळं काळंपांढरं दिसणार होतं, तरी बसूला लुगडं कुसुंबीच हवं होतं.

शेवटचं चित्र तेवढं उरलं. बाजाराचा दिवस. खांद्यावर लुगडं टाकून बसूनं लिंबाच्या पारापासून आमच्या घरालगतच्या दुकानाच्या पायरीपर्यंत चालत यायचं. मी आणि हुसेन माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, कॅमेरा घेऊन. फिल्म दीडेक मिनिटाची उरली होती आणि नाक्यांवर असा पहारा बसला होता की पुन्हा मिळायची आशा नव्हती.

“मी पायरीशी येईस्तोवर हात थांबवायचा न्हाय,” बसू म्हणाला. “कायबी झालं तरी. थांबलीस तर पिक्चर अर्धंच ऱ्हाईल.”

“आन् तू भिंगाकडं बघू नगंस.”

“न्हाय बघत.”

त्यानं पाराजवळून हात केला आणि मी सुरू केलं. तो छान चालत होता, घाई न करता, लुगड्याचं टोक वाऱ्यावर. मग डावीकडून माणसं पळत आली. मला वाटलं, वळू सुटला. मिरच्यांचं पोतं उलटलं, कुणीतरी त्यावरून घसरून पडलं. कापडाच्या दुकानातून धूर निघाला. मग ते दिसले, खाकी कपड्यांत, भाले आणि कुऱ्हाडी घेतलेले, दोघांकडं बंदुका. ते कोण, कुणाचे, कशासाठी आले, ते लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. माझ्याजवळ फक्त भिंगातून दिसलं तेवढंच आहे.

एकानं बसूच्या खांद्यावरचं लुगडं ओढलं. बसूनं सोडलं नाही. सोडायला हवं होतं. पण लुगडं गेलं तर चित्र गेलं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. दोघं ते लहान पोरांसारखे इकडून तिकडं खेचत होते. भाल्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला, त्याच फाटलेल्या ओठावर. तो गुडघ्यांवर आला. लुगडं डाव्या मुठीतच. मग त्यानं वर बघितलं, सरळ भिंगात, आणि उजवा हात उचलला. तर्जनी ताठ केली आणि हवेत एक गोल काढला.

कुऱ्हाड मानेवर आली.

“अक्का, छोडो वो! नीचे चलो!” हुसेन रडत माझा पदर ओढत होता. पदर फाटला. मी फिरवत होते. बसू आडवा झाला, त्याच्या पायानं दोनदा माती खरवडली, लुगडं त्याच्या मुठीतून कापून काढलं, मी फिरवत होते. फिल्म संपल्याचा खडखडाट झाला तेव्हाच माझा हात थांबला. हुसेननं फिल्मची पेटी उपसून सदऱ्यात घातली आणि मला माळवदाच्या मागच्या बाजूनं खाली ढकललं. खाकीवाल्यांनी वर येऊन कॅमेरा रस्त्यात फेकला. घरात शिरून माग फोडले, ताणलेलं सूत विळ्यानं कापावं तसं कुऱ्हाडीनं कापलं. हा दांडा माझ्या मुठीत राहिला होता. संध्याकाळी अव्वानं बोटं एकेक करून सोडवली.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. बसूची मान सरळ राहीना. मुठीत उरलेला लुगड्याचा तुकडा घेऊन अव्वानं ती बांधली, गळ्याभोवती तीन वेढे, आणि गाठ मागं घातली, पुढून दिसू नये म्हणून. आप्पांनी त्यानंतर कधी कुणावर हात उगारला नाही. फोडलेल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते नुसते बसत.

दीड महिन्यानं अव्वा मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. “त्यात माझं लेकरू हाय न्हवं? दावा मला.” मास्तर नको म्हणाले. मग त्यांनी फिल्म धुतली. त्यांच्याजवळ प्रत काढण्याएवढी फिल्म कधीच नसे. टिपलेली फिल्मच ते दुहेरी धुऊन पडद्याजोगी करत. जगात ती एकच होती.

भर दुपारी घोंगड्या लावल्या. मास्तर बाहेर आरसा धरून, हुसेन दाराशी, यंत्राचा दांडा माझ्या हाती. सूत रंगलं, धोटा धावला, लुगडं विणून झालं. आमचा सिनेमा चांगला झाला होता. त्या दिवशीही मला ते कळलं, आणि कळलं याची मला लाज वाटली. मग बसू पारापासून निघाला. धूर. माणसं. लुगड्याची ओढाओढ. सगळं जसं घडलं तसंच, घडलं तेवढ्याच वेळात. हात वर गेला, कुऱ्हाड आली, संपलं. पापणी लवायच्या आत.

अव्वा माझ्याकडं वळली. आवाज शांत होता. “एडक्याच्या वक्ताला हात पळाला तुझा. भ्यालीस म्हनून ते हळू आले. आन् भावाच्या वक्ताला?”

मी संपलेली गुंडाळी यंत्रातून काढली.

“परत लाव. हळू फिरव. त्यानं हात का वर केला, ते बघू दे मला.”

मी परत लावली. फिल्म थांबली की जळते, हे मला ठाऊक होतं. पण हळू म्हणजे थांबणं नव्हे, असं मनाला समजावलं. बसू गुडघ्यांवर आला तेव्हा मी दोनाचा एक फेरा केला. मग अर्धा. अव्वा उठून धोतराजवळ गेली. बसूचा हात हळूहळू, खरंच त्या एडक्यांसारखा, वर येत होता. तिनं आपला तळवा त्याच्या तळव्याशी नेला. बोट ताठ व्हायला लागलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण मला वाटलं, तिला एवढा एक क्षण मिळावा.

तळव्याच्या मधोमध तपकिरी ठिपका उठला. तो फुगला, फुटला, आणि बसूचा हात, तोंड, मान सगळं त्यात ओढलं गेलं. मग यंत्रातून जाळ निघाला. कापराचा वास खोलीभर झाला. ती फिल्म कापूर घालूनच बनवत. हुसेननं जळती गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेली. तिथं ती मास्तरांच्या पायाशी राख झाली. हुसेनच्या तळव्यांची कातडी निळ्या रंगासकट गेली आणि नवी आली ती गुलाबी आली. अजूनही देवळात आरतीला कापूर लावला की मी बाहेर येते. लोकांना वाटतं, म्हातारीला धूर सोसत नाही.

अव्वा जमिनीवर बसली होती. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. “घराकडं हात केला त्यानं,” ती म्हणाली. “मला बोलावलं. बघितलं म्या.”

पुढं जगली तेवढी वर्षं ती हे सांगत राहिली. पाणवठ्यावर, लग्नात, मर्तिकाला. जाताना माझ्या लेकानं मला बोलावलं. आणि त्याच दमात माझ्याकडं हनुवटी करून म्हणायची, हिचा हात मात्र पळाला न्हाय. बायका माझ्या हाताकडं बघायच्या. एक बोट उचलून हवेत गोल काढला असता तर माझी सुटका होती. त्यानंच सांगितलं होतं, फिरव. मी त्याचं ऐकलं होतं. पण मग तो हात तिच्याकडं केलेला राहिला नसता, आणि तिच्याजवळ दुसरं काय होतं? हुसेनलाही मी शपथ घातली. राग मला यायचा. फार यायचा. भांडी आपटत स्वयंपाक करायची, पण बोट उचललं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बोलावलं. “तू तर भिंगातून बघितलंस,” म्हणाली. “मलाच बोलावलं न्हवं त्यानं?”

“व्हय अव्वा,” मी म्हटलं. “तुलाच.”

पोत्यांवरचा उन्हाचा गोल सरकत सरकत, जिथं धोतर टांगायचो त्या भिंतीवर गेला होता. माझ्या मांडीवर दांडा होता आणि हात आपोआप फिरत होता. मी मुद्दाम घाई करून पाहिली. भ्यायचा प्रयत्न केला. हात काही पळेना. मग उठले, उन्हात बोट धरलं आणि एक गोल काढला. सावली भिंतीवर फिरली.

“काय दावताय आज्जी?” मालकानं दारातून विचारलं.

“माझ्या भावानं मला दाखवलं होतं, ते.”

“म्हंजी?”

“फिरवत राहा,” मी म्हटलं. “त्यानं मला सांगितलं, फिरवत राहा.”

तो “बरं” म्हणाला, आणि मी बाहेर यायची वाट बघत कुलूप हातात घेऊन उभा राहिला.